पाथरी : ओळख आणि लागवड

या मासिकांत ऊस, ज्वारी, हरभरा, द्राक्षें इत्यादि पिकांविषयीं माहितीपूर्ण लेख वेळोवेळीं येत असतात. आज आम्ही जिच्याविषयीं लिहिणार आहों ती वनस्पति त्या पंक्तीस बसणारी नाहीं. शेतकी खात्याच्या भाषेंत ती तण आहे, बाजाराच्या भाषेंत रानभाजी आहे, आणि सातबाराच्या उताऱ्यांत तर तिला नांवच नाहीं. महसूल खात्यांतील कारकुनीच्या काळांत पीकपाहणीच्या तपासणीनिमित्त आम्हांस पुष्कळ वर्षें बांधाबांधानें हिंडावें लागलें. जी जागा आम्ही पोटखराबा म्हणून आकारणींतून वगळीत असूं, त्याच जागेवरून घरची बाई संध्याकाळच्या भाकरीपुरती भाजी खुडून ओट्यांत घालून नेत असे. ती भाजी म्हणजे पाथरी होय.

पूर्वीं पाथरीवर लेख लिहिण्याची कोणास गरज वाटली नसती. ती शेतांत आपोआप येई व ती ओळखणारें माणूस प्रत्येक घरांत असे. आतां या दोन्ही गोष्टी पहिल्यासारख्या राहिल्या नाहींत. शेतांत ती येते, परंतु तणनाशकाची फवारणी झालेल्या शेतांतील पाला खाण्याजोगा राहत नाहीं. आणि ओळखणारीं माणसें वृद्ध होत चाललीं असून त्यांच्यामागें तें ज्ञान घेणारें कोणी उरलेलें दिसत नाहीं. यास्तव पाथरी खावयाची असेल तर ती यापुढें परसांत किंवा विहिरीजवळच्या एखाद्या स्वच्छ वाफ्यांत लावूनच खावी, असें आमचें मत झालें आहे. परंतु लावण्यापूर्वीं ती बिनचूक ओळखतां आली पाहिजे. म्हणून या लेखांत प्रथम ओळख व मग लागवड असा क्रम ठेविला आहे.

नांव व कूळ :— पाथरी हें नांव महाराष्ट्रांत सर्वत्र परिचित आहे. कोठें कोठें 'पात्री' असाही उच्चार करितात. संस्कृतांतील 'गोजिह्वा' हें नांव पुष्कळ लोक हिला लावितात, परंतु वैद्यमंडळी तेंच नांव दुसऱ्याही वनस्पतींस लावीत असल्यामुळें केवळ त्या नांवावर विसंबून कोणताही पाला घेऊं नये. वनस्पतिशास्त्रांत हिचें नांव 'लॉनिया प्रोकम्बेन्स' असें आहे. 'प्रोकम्बेन्स' म्हणजे भुईवर पसरणारी. सर्वांच्या परिचयाच्या एकदांडीच्या नांवांतही ('ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स') हाच शब्द आहे. म्हणून शास्त्रीय नांव घ्यावयाचें तर तें पुरें घ्यावें, अर्ध्या नांवानें घोटाळा होतो.

पाथरी ही सूर्यफुलाच्या कुळांतील आहे. शेवंती, झेंडू, करडई, कारळा हीं सर्व त्याच कुळांतील होत. या कुळाची खूण अशी कीं, आपण ज्यास एक फूल म्हणतों तें वास्तविक एक फूल नसून पुष्कळ लहान लहान फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफूल हातांत घेऊन पाहिलें असतां हें तेव्हांच ध्यानांत येतें. मधल्या तबकडींत नळीसारखीं बारीक फुलें दाटीनें बसलेलीं असतात व त्यांपैकीं प्रत्येकापासून एकेक बीं तयार होतें. कडेला ज्या पिवळ्या पाकळ्या दिसतात त्याही एकेक स्वतंत्र फुलेंच असतात. पाथरींत मधली तबकडी मुळींच नसते. तिच्या गुच्छांतील सगळीं फुलें फितीसारखीं चपटीं असतात, आणि प्रत्येक फितीच्या टोंकाला पांच अगदीं बारीक दांते असतात. ज्यांचीं सर्व फुलें अशीं चपटीं व ज्यांच्या अंगांत पांढरा चीक, अशा वनस्पतींचा या मोठ्या कुळांत एक पोटवर्ग आहे. सालीट (लेट्यूस) व कॉफींत मिसळतात ती चिकरी या त्याच पोटवर्गांतील आहेत. पाथरीच्या पानांत जो किंचित् कडवटपणा असतो तो या सर्व भावंडांत कमीअधिक प्रमाणांत आढळतो.

ओळख :— पाथरीचें कोवळें रोप जमिनीसरशा पानांच्या गोल झुबक्यासारखें दिसतें. सर्व पानें एकाच मुळाच्या माथ्यापासून निघून चोहोंकडे पसरतात. पान चार बोटांपासून वीतभरापर्यंत लांब, देठाकडे निमुळतें व टोंकाकडे रुंद असतें. त्याच्या दोन्ही कडा खोल कातरलेल्या असतात, परंतु हा कातरपणा सर्व पानांत सारखा नसतो. एकाच झुबक्यांत कांहीं पानें पुष्कळ कातरलेलीं व कांहीं जवळजवळ अखंड अशीं सांपडतात. यामुळें केवळ पानाच्या आकारावरून निर्णय करूं नये. आकारापेक्षां विश्वासाची खूण पानाच्या अगदीं कडेस आहे. ती कड बारीक पांढऱ्या दातांची असते. नखानें चुना लाविल्यासारखी ती दिसते. हे दांते बोटास किंचित् खरखरीत लागतात, परंतु टोंचत नाहींत. पानावर लव नसते. दोन्ही बाजूंनीं तें गुळगुळीत असतें.

पान किंवा देठ मोडतांच दुधासारखा पांढरा चीक येतो. मूळ सोटासारखें खोल जातें, व तें मोडलें असतां त्यांतूनही तसाच चीक निघतो.

झुबका वाढून त्याच्या मधून फांद्या निघतात. त्या बारीक, गुळगुळीत व फार थोड्या पानांच्या असून कांहीं उभ्या राहतात व कांहीं जमिनीवर लोळतात. त्यांच्या टोंकांशीं पिवळीं फुलें येतात. फुलाखालचा हिरव्या खवल्यांचा पेला सुमारें अर्धा इंच लांब असतो, आणि त्या खवल्यांच्या कडा पातळ व पांढुरक्या असतात. फुलें सकाळीं उमलतात व उन्हें चढल्यावर मिटतात. म्हणून दुपारीं ओळखावयास निघालेल्या माणसास फुलें आलेलीं असूनही दिसत नाहींत. पाण्याच्या कडेला फुलें वर्षांतील पुष्कळ महिने सांपडतात, परंतु शेतांत त्यांचा भर हिंवाळ्यांत व त्याच्या अखेरीस असतो. फूल मिटून गेल्यावर कांहीं दिवसांनीं त्याच जागीं पांढऱ्या रेशमी केसांचा गोंडा उघडतो. मुलें ज्यास म्हातारी म्हणून फुंकर घालून उडवितात, तशीच ही लहान म्हातारी असते. तिच्या खालीं तिळाहून बारीक बीं लटकलेलें असतें व तें वाऱ्याबरोबर दूर जातें.

चुकीनें घेतल्या जाणाऱ्या वनस्पति :— आमच्या घरीं घडलेली एक गोष्ट येथें सांगणें अवश्य वाटतें. एके वर्षीं मार्गशीर्षांत आमच्या नात्यांतील एक सूनबाई, शहरांत वाढलेल्या, मोठ्या हौसेनें शेतांतून टोपलीभर पाथरी घेऊन आल्या. भाजी निवडावयास आमच्या मातोश्री बसल्या होत्या. त्यांना दिसेनासें झाल्यास बरींच वर्षें झालीं होतीं, तरी पान हातांत घेतांच त्या थबकल्या. त्यांनीं एक देठ मोडला व बोटाला लागलेला चीक आम्हांस दाखवून त्याचा रंग विचारला. तो पिवळा होता. मग सगळी टोपली पुन्हां पानापानानें तपासली, तेव्हां तींत पिवळ्या धोतऱ्याचीं तीन कोवळीं रोपें निघालीं. भाजी अजून चिरलेली नव्हती म्हणून बरें. एकदां चिरून पाण्यांत पडल्यावर तीं कोणालाही निराळीं काढतां आलीं नसतीं.

पिवळा धोतरा मूळचा मेक्सिकोकडील असून तो आपल्या पडीक जमिनींत व गव्हा-हरभऱ्याच्या शेतांत, पाथरीच्याच हंगामांत उगवतो. त्याचेंही कोवळें रोप जमिनीसरशा कातरलेल्या पानांचा झुबका असतें, आणि घोटाळा होतो तो येथेंच. परंतु त्याचें पान निळसर हिरवें असून शिरांच्या बाजूनें पांढरे पट्टे असतात. कडेचे दांते कांट्यांत संपतात, मात्र अगदीं कोवळेपणीं हे कांटे मऊ असल्यामुळें हातास जाणवत नाहींत. चीक पिवळा असतो व ही खूण कोणत्याही वयांत चुकत नाहीं. धोतऱ्याच्या बियांचें तेल विषारी असून मोहरीच्या तेलांत त्याची भेसळ झाल्यामुळें अंगावर सूज येऊन माणसें दगावल्याचे प्रकार आपल्या देशांत अनेकदां झाले आहेत, इ. स. १९९८ सालीं दिल्लींत याच कारणानें साठांवर माणसें मृत्युमुखीं पडलीं. असल्या झाडाचें एक पानही भाजींत जातां कामा नये.

गाजर गवताचें रोपही लहानपणीं जमिनीसरसें पसरलेलें असतें. हें गवत पुण्याकडे १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलें व पुढें देशभर पसरलें. त्याचें पान गाजराच्या पाल्यासारखें बारीक विभागलेलें व लवदार असतें, त्यांत चीक नसतो व फुलें पांढरीं असतात. त्याच्या स्पर्शानें पुष्कळांच्या अंगास खाज सुटते, म्हणून तपासण्यासाठींही तें उघड्या हातानें चुरगाळूं नये.

एकदांडीचीं पानें समोरासमोर जोडीनें येतात, त्यांवर राठ लव असते व चीक नसतो. दुधी अथवा नायटी म्हणून जें लहान झुडूप वाटेवर येतें त्यास पांढरा चीक असतो खरा. परंतु त्याचीं पानें फांदीवर समोरासमोर असतात, मुळाशीं झुबका नसतो. यावरून केवळ पांढरा चीक पाहून समाधान मानूं नये हें उघड होतें.

म्हातारा या नांवानें कांहीं भागांत ओळखली जाणारी सोंकस जातीची भाजी पाथरीची अगदीं जवळची आहे. पिवळें फूल, पांढरा चीक, कातरलेलें पान हीं सर्व लक्षणें तींत आढळतात. भेद इतकाच कीं, तिचें खोड जाड, पोकळ व सरळ उभें वाढतें, आणि खोडावरील पानाचे कान खोडास मिठी मारून बसतात. हिचीं कोवळीं पानेंही खातात. त्यामुळें येथें चूक झाली तरी अपाय नाहीं, मात्र लागवडीसाठीं बीं धरतांना दोन्ही वेगळ्या ठेवाव्या.

शेवटीं सोनकीविषयीं दोन शब्द. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत सह्याद्रीचीं पठारें जिच्या पिवळ्या फुलांनीं भरून जातात ती सोनकी याच कुळांतील आहे; परंतु ती 'सेनेसिओ' या गणांतील असून त्या गणांतील पुष्कळ वनस्पतींत यकृतास अपाय करणारीं द्रव्यें असतात. कूळ एक व फूल पिवळें, एवढ्यावरून वनस्पति खाण्याजोगी ठरत नाहीं. सोनकी पाहण्याची आहे, भाजीची नव्हे.

वरील विवेचनाचा सारांश तीन खुणांत सांगतां येतो. पहिली, चीक पांढरा असावा, पिवळा नसावा. दुसरी, पान गुळगुळीत असावें. त्यावर लव किंवा कांटा नसावा आणि कडेस बारीक पांढरे दांते असावे. तिसरी, सर्व पानें एकाच मुळाच्या माथ्यापासून जमिनीसरशीं निघालेलीं असावीं. तिन्ही खुणा जुळल्या तरच रोप घ्यावें. एकही कमी पडली तर तें टाकून द्यावें.

कोंकण व गोमांतक :— समुद्रकिनाऱ्याच्या वाळूंत जी पाथरी येते ती हिची बहीण असून तिचें शास्त्रीय नांव 'लॉनिया सार्मेंटोजा' असें आहे. ती वाळूवरून लांब धागे सोडते व त्या धाग्यांच्या पेऱ्यांशीं पानांचे नवे झुबके धरून मुळें खालीं जातात. गोमांतकांत हिला पोर्तुगीजांनीं आपल्याकडील चिकरीच्या भाजीचें नांव दिलें होतें; दोन्हींची चव व अंगलट पाहतां तें अगदींच अयोग्य म्हणतां येत नाहीं. ही जात रेताड जमिनींतील असल्यामुळें घाटावरील काळ्या जमिनींत लावण्याचा खटाटोप करूं नये. खालील माहिती घाटावरील पाथरीची आहे.

जमीन व हंगाम :— पाथरीस ओल लागते, परंतु सांचलेलें पाणी सोसत नाहीं. पाटाचा कड, विहिरीचा थारोळा, भाजीच्या वाफ्यांचे वरंबे, ओलीताच्या शेताचे बांध अशा जागीं ती आपण होऊन येते. यावरून तिला काय पाहिजे तें समजतें. मध्यम काळी किंवा गाळाची, मूळ खोल जाऊं शकेल अशी भुसभुशीत जमीन उत्तम. हंगाम रब्बीचा. पावसाचा जोर सरून रात्रीं गार पडूं लागल्यावर, म्हणजे आश्विनाच्या उत्तरार्धापासून कार्तिकअखेरपर्यंत पेरणी करावी. घरखर्चास सहा हात लांब व तीन हात रुंद असे दोन वाफे पुरे होतात.

बीं धरणें :— हें बीं सामान्यतः दुकानांत मिळत नाहीं. तें स्वतः धरावें लागतें. माघ-फाल्गुनांत, तीन खुणा पटवून घेतलेल्या चांगल्या रोपांना आधींच काडी रोवून ठेवावी. फूल मिटल्यानंतर त्याच्या टोंकाशीं पांढरे केस डोकावूं लागले कीं बीं तयार झालें असें समजावें. गोंडा पुरता उघडेपर्यंत थांबल्यास बीं वाऱ्यावर जातें, व फार अगोदर तोडल्यास पोंचट निघतें. भल्या पहांटे वारा पडलेला असतां व दंव असतां हे गोंडे खुडून कापडी पिशवींत घालावे. दोन-तीन दिवस सावलींत वाळवून कोरड्या वाळूबरोबर हातानें हलके चोळावे, म्हणजे केस तुटतात. मग सुपांत अगदीं हळूं पाखडून बीं वेगळें करावें. तें कोरड्या बाटलींत भरून वर तारीख व जागा लिहिलेली चिठ्ठी लावावी.

पेरणी :— आम्हीं पहिल्या वर्षीं मेथीप्रमाणें वाफ्यांत बीं फोंकून वर बोटभर माती ओढली. पंधरा दिवस पाणी घातलें, परंतु एक रोप दिसलें नाहीं. बीं वाईट निघालें असें आम्ही समजलों होतों. पण त्याच पुडींतील जें थोडें बीं वाफ्याच्या कडेस सांडलें होतें तें मात्र उगवलें. तेव्हां दोष बियाचा नसून खोलीचा होता हें ध्यानांत आलें. रानांत हें बीं वाऱ्यानें येऊन मातीच्या वर पडतें. त्याच्या पोटांत इतका सांठा नसतो कीं बोटभर मातींतून त्याला वर यावें.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही पुढीलप्रमाणें करितों. वाफ्यांत चांगलें कुजलेलें शेणखत मिसळून ढेंकळें फोडून माती सपाट करावी. अगोदर एकदां पाणी देऊन इतर तण उगवूं द्यावें व तें खुरपून काढावें, म्हणजे पुढें कोवळ्या रोपांतून निवडण्याचा त्रास वांचतो. बीं चौपट-पांचपट बारीक वाळूंत मिसळून एकेका वितीच्या अंतरानें काढलेल्या उथळ रेघांतून टाकावें. वरून चाळलेल्या खताची नुसती भुरकी द्यावी व फळीनें हलके दाबावें. वाफ्यावर ओलें गोणपाट पसरून झारीनें पाणी द्यावें. पाटाचें पाणी सोडूं नये, कारण त्याबरोबर बीं वाहून एका कोपऱ्यांत जमतें. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसूं लागतांच गोणपाट संध्याकाळच्या वेळीं काढून घ्यावें.

ज्यांच्याजवळ बीं नसेल त्यांनीं मुळांपासून लागवड करावी. ओळखलेलें रोप पावसाळा संपतां संपतां मुळासह खणावें. मुळाचे तीन-चार बोटें लांबीचे तुकडे करून, माथ्याकडची बाजू वर ठेवून, ते मातीच्या अगदीं वरच्या थरांत उभे पुरावे. यांतील बहुतेक फुटतात. मात्र तणनाशक मारलेल्या शेतांतील मूळ घेऊं नये.

निगा :— रोपास चार पानें झाल्यावर विरळणी करून दोन रोपांत सहा इंच अंतर ठेवावें. उपटलेलीं रोपें भाजीस चालतात; परंतु पहिल्या वर्षीं तींही एक एक मोडून चीक पाहूनच घ्यावीं. थंडींत आठवड्यास एक पाणी पुरतें. ऊन वाढेल तसें तें लवकर द्यावें. पाण्याची ओढ बसलेल्या रोपाचीं पानें निबर व कडू होतात. खुरपणीस नवें माणूस लाविल्यास त्याला प्रथम पाथरी दाखवून द्यावी. आमच्या वाफ्यांत एकदां रोजावर आलेल्या एका तरुण मुलानें पाथरी तेवढी साफ काढून टाकली व मधली घोळ जपून ठेविली. त्याचा दोष नव्हता. त्यानें पाथरी नेहमीं तण म्हणूनच उपटलेली होती. मुळें मात्र जमिनींत राहिल्यामुळें तीन आठवड्यांत वाफा पुन्हां हिरवा झाला.

फुलांच्या दांड्यांवर मावा पडतो. परंतु दांड्या वर येऊंच न दिल्यास त्याचा उपद्रव थोडा होतो, व राहिलेला पाण्याच्या फवाऱ्यानें धुऊन जातो. पानें कच्चीं खाण्याचीं असल्यामुळें या वाफ्यांत कोणतेंही विषारी औषध मारूं नये.

खुडणी :— पेरणीपासून सहा-सात आठवड्यांत पानें खुडण्याजोगीं होतात. बाहेरचीं पानें नखानें देठाशीं खुडावीं व मधला कोंब राखावा, म्हणजे त्याच रोपापासून हिंवाळाभर पुन्हां पुन्हां भाजी मिळते. मुळासह उपटण्याची रीत रानांत ठीक होती, वाफ्यांत ती तोट्याची आहे. फुलाची दांडी निघाली कीं पानें कडू होऊं लागतात. यास्तव दांडी दिसतांच मोडावी. पानें सकाळीं दंव ओसरल्यावर खुडावीं व लागलीच ओल्या फडक्यांत गुंडाळावीं, कारण तीं तासाभरांत मलूल होतात. पाथरी दूरच्या बाजारास पाठविण्याची वस्तु नव्हे, हें यामुळें ओळखून असावें. जवळच्या आठवडे बाजारांत तिच्या जुड्या विकल्या जातात, परंतु हें नगदी पीक आहे असें सांगून आम्ही कोणास भ्रमांत पाडूं इच्छीत नाहीं. घरीं भागून उरेल तेवढी विकावी. दोन गुंठ्यांपलीकडे लावूं नये.

स्वयंपाकांत व गोठ्यांत उपयोग :— सोलापूर व मराठवाड्याकडे कोवळी पाथरी कच्चीच भाकरीबरोबर खातात. पानें तीन पाण्यांनीं धुऊन, बारीक चिरून, त्यांत कांदा, शेंगदाण्याचा कूट, मीठ, तिखट व कच्चें तेल घालून घोळणा करितात. शिजवावयाची असल्यास लसणीच्या फोडणींत भिजविलेल्या मुगाच्या डाळीबरोबर परतावी किंवा वरून डाळीचें पीठ पेरावें. कडवटपणा नको असेल त्यांनीं चिरलेली भाजी थोडा वेळ मिठाच्या पाण्यांत ठेवून पिळून घ्यावी.

दुभत्या म्हशीस पाथरी घातली असतां दूध वाढतें अशी जुनी समजूत आहे. जनावरें ती आवडीनें खातात हें खरें. परंतु दूध हें एकंदर चारा, आंबोण व पाणी यांवर अवलंबून असतें. उरलेला पाला गोठ्यांत घालावा, त्याच्या भरंवशावर पेंड मात्र कमी करूं नये.

दोन सावधगिरीच्या सूचना :— पहिली सूचना फवारणीविषयीं. गहूं, ज्वारी, ऊस यांतील रुंद पानांचीं तणें मारण्यास टू-फोर-डी, ऊस व मका यांत अॅट्राझिन, आणि बांधावर सरसकट ग्लायफोसेट अशीं औषधें अलीकडे वापरण्यांत येतात. मजुरी महागल्यामुळें तीं वापरणाऱ्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु ध्यानांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, फवारल्यानंतर कांहीं दिवस पाथरी हिरवीगार दिसते. औषध पानांतून आंत शिरलेलें असल्यामुळें धुऊन जात नाहीं. दुसऱ्याच्या शेतांतील तजेलदार पाला पाहून तो खुडणाऱ्या बाईस हें कसें समजावें? म्हणून ज्यांनीं फवारणी केली असेल त्यांनीं आपल्या घरीं, शेजारीं व शेतांत येणाऱ्या मजूर स्त्रियांस तें त्याच दिवशीं सांगावें, व बांधावर एखादें फडकें बांधून ठेवावें. हें त्यांचें कर्तव्यच आहे. त्याचप्रमाणें गांवच्या गटाराच्या कडेला पाथरी जोमानें येते, तीही खाऊं नये. कच्च्या पाल्याबरोबर जंतांचीं अंडीं पोटांत जाण्याचें भय असतें.

दुसरी सूचना शेजारधर्माची. पाथरीचें बीं वाऱ्यावर उडतें व मूळ तुटलें तरी पुन्हां फुटतें. या दोन गुणांमुळेंच ती तण ठरली आहे. आपण हौसेनें लाविलेली भाजी शेजाऱ्याच्या कांद्याच्या वाफ्यांत तण म्हणून उगवावी हें बरें नव्हे. यास्तव बियासाठीं चार-पांच रोपें राखून बाकीच्या सर्व दांड्या फुलण्यापूर्वीं मोडाव्या, राखलेल्या रोपांचे गोंडे उघडण्यापूर्वीं खुडावे, आणि वाफा मोडतांना मुळें कुदळीनें खोल काढून उन्हांत वाळवावीं.

वाचकांस शेवटीं एकच विनंति आहे. येत्या कार्तिकांत एका सकाळीं आपल्या घरांतील किंवा शेजारची एखादी वृद्ध आजी व घरांतील एक मूल यांस बरोबर घेऊन बांधावर जावें. आजीनें पाथरी दाखवावी, मुलानें देठ मोडून चीक पाहावा, व जवळपास पिवळा धोतरा असल्यास त्याचाही देठ काडीनें मोडून दोन्ही रंग शेजारीं शेजारीं दाखवावे. इतकें झाल्यावर तें मूल जन्मभर चुकणार नाहीं. आमच्या मातोश्री आतां हयात नाहींत. परंतु त्या दिवशींच्या टोपलीनंतर आमच्या सूनबाईंनीं चीक पाहिल्यावांचून पाथरीचें पान घरांत आणलेलें नाहीं, आणि आमचे वाफे सध्यां त्याच सांभाळतात. ज्या बंधूंस व भगिनींस या भाजीच्या लागवडीचा अधिक अनुभव असेल त्यांनीं तो संपादकांकडे अवश्य कळवावा, म्हणजे या लेखांतील उणीव भरून निघेल.